रडू कोणत्या पानावर आले?

(पत्र, थोडक्यात : संसार आणि नोकरी यांत सुटलेले वाचन मी गेल्या वर्षी पुन्हा सुरू केले. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाविषयी वहीत चार ओळी लिहिते. परवा ती वही चाळली आणि वाईट वाटले. वडील गेल्यानंतर त्यांचे सामान आवरणाऱ्या मुलीची एक लहानशी कादंबरी वाचून मी लिहिले होते, ‘अप्रतिम. रडू आवरेना. बाबांची फार आठवण आली.’ सगळीकडे नावाजल्या गेलेल्या एका मोठ्या कादंबरीपुढे लिहिले होते, ‘काहीच पोचले नाही. माझीच कुवत कमी.’ एका समाजसेवकाच्या आत्मचरित्रापुढे फक्त ‘लेखकाचा राग आला’ एवढेच आहे. आमच्या वाचनगटात मी त्या लहान कादंबरीविषयी बोलले, तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, ‘तू पुस्तकाबद्दल बोलतच नाहीस, स्वतःबद्दल बोलतेस.’ तेव्हापासून गटात तोंड उघडायचा धीर होत नाही. अशा वैयक्तिक प्रतिक्रियांना काही किंमत असते का? की आधी परीक्षणे वाचून मग पुस्तक हातात घ्यावे? आणि महिन्या-दोन महिन्यांत वाचलेले सगळे पुसून कसे जाते?)

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला सर्वांत मोलाचा मजकूर तुम्ही ता. क. म्हणून अगदी शेवटी लिहिला आहे, आणि त्याला प्रश्नाचे रूपही दिलेले नाही. त्या लहान कादंबरीत रडू नेमके कुठे आले, हे तुम्ही तिथे सांगितले आहे. कादंबरीतले वडील दर महिन्याच्या पहिल्या तारखेला विजेच्या मीटरचा आकडा एका रजिस्टरमध्ये टिपून ठेवत असत. शेवटच्या काही नोंदींमध्ये अक्षर हललेले आहे, एक आकडा खोडून पुन्हा लिहिलेला आहे. मुलगी ते रजिस्टर रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवते, थोड्या वेळाने परत उचलते, बॅटरी घेऊन जिन्याखाली जाते आणि त्या महिन्याचा आकडा स्वतःच्या हाताने लिहिते. इथे तुम्हाला रडू आले. पुढे तुम्ही सहज लिहून गेला आहात की, तुमच्या वडिलांना अशी कोणतीही सवय नव्हती. आणि त्याच कादंबरीतले रुग्णालयाचे लांबलचक प्रकरण, जे तुमच्या स्वतःच्या अनुभवाच्या कितीतरी जवळचे होते, ते वाचताना मात्र तुम्ही नुसती पाने उलटत गेलात.

या दोन वाक्यांत तुमच्या मैत्रिणीच्या आक्षेपाचे उत्तर आहे. तुम्ही जर केवळ स्वतःच्या दुःखासाठी रडला असता, तर रुग्णालयाच्या प्रकरणात रडायला हवे होते. तिथे तुमच्या आठवणींना आयते निमित्त होते : तसलेच बाकडे, तसल्याच फेऱ्या, डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत उभे राहणे. तरीही तिथे डोळे कोरडे राहिले आणि ज्या गोष्टीशी तुमच्या आयुष्याचा संबंध नाही, त्या मीटरच्या आकड्यांपाशी ते भरून आले. याचा अर्थ तुमच्या मनाने दोन प्रकरणांमध्ये निवड केली. रुग्णालयाच्या प्रकरणाविषयी तुम्हीच लिहिले आहे की ‘प्रत्येक परिच्छेदात हुंदके होते’. रजिस्टरच्या पानावर दुःख हा शब्दही नाही. तिथे तारखा आहेत, आकडे आहेत, बदलत गेलेले अक्षर आहे आणि एका माणसाने रद्दीतून उचललेली एक वस्तू आहे. लेखकाने एका ठिकाणी तुमच्या वतीने रडून घेतले, दुसऱ्या ठिकाणी तो बाजूला झाला आणि जागा तुमच्यासाठी मोकळी ठेवली. हा लेखनातला फरक आहे, आणि तो तुम्हाला कोणत्याही परीक्षणाच्या मदतीवाचून जाणवला. त्याला नाव देणे तेवढे राहून गेले.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, वैयक्तिक प्रतिक्रियेला किंमत असते, आणि बऱ्याचदा ती पुस्तकाविषयी आपल्या हाती असलेला पहिला पुरावा असते. मात्र तिचा मान पुराव्याइतकाच. तिला निकाल समजू नये. पुरावा तपासून घ्यावा लागतो, आणि ही तपासणी पुन्हा त्या पानावर जाऊनच करता येते. ‘रडू आवरेना’ हे लिहून तुम्ही थांबलात, ‘कोणत्या पानावर?’ हा पुढचा प्रश्न वहीत आलाच नाही. पत्र लिहिताना तो आला, कारण तेव्हा तुम्हाला एका अनोळखी माणसाला सगळे समजावून सांगायचे होते.

आता मैत्रिणीविषयी. तिचे शब्द तुम्हाला लागले, हे समजू शकते. पण तिची शंका पोकळ आहे असे म्हणता येणार नाही. ती फार जुनी आणि मातब्बर शंका आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरील आपल्या भाष्यात रसाच्या आस्वादात येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतले एक विघ्न हे की प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाने इतका व्यापलेला असतो की समोर चाललेल्या नाट्याला त्याच्या मनात शिरायला वाट राहत नाही. दुसरे एक विघ्न असे की, जे दिसते ते ‘हे माझेच’ किंवा ‘हे त्या परक्या माणसाचे’ अशा कप्प्यांत अडकून पडते. अमक्या ठिकाणच्या, अमक्या वेळच्या, अमक्या माणसाचे म्हणून ते पाहिले जाते आणि त्यातून सर्वांचे असे काही उरत नाही. तुमची मैत्रीण नेमके हेच म्हणत होती, फक्त तिने ते चारचौघांत आणि जरा तुटक शब्दांत म्हटले.

याच अभिनवगुप्ताने चांगला रसिक कोण, हेही सांगून ठेवले आहे. काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे, आणि त्यामुळे वर्णिलेल्या विषयाशी तन्मय होण्याची पात्रता ज्याच्या अंगी आली आहे, तो. इथे ‘परिशीलन’ महत्त्वाचे आहे. तन्मय होण्याला त्याने कमी लेखलेले नाही, उलट तीच पात्रता मानली आहे. मात्र ती वाचनाच्या सरावातून येते, असे त्याचे म्हणणे आहे. बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर पुन्हा वाचू लागलेल्या माणसाला यात मोठा दिलासा आहे, असे मला मनापासून वाटते. कारण तुम्ही ज्याला कुवत म्हणता, ती इथे सवयीची गोष्ट ठरते.

हाच प्रश्न विसाव्या शतकात अगदी वेगळ्या वाटेने पुढे आला. आय. ए. रिचर्ड्स हे केंब्रिज विद्यापीठात शिकवत असताना विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता देत आणि त्यांवर मोकळेपणाने लिहायला सांगत. आलेल्या लेखी प्रतिक्रियांचे विश्लेषण त्यांनी 1929 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. नावाचा आधार काढून घेतल्यावर चांगले शिकलेले विद्यार्थीही गडबडले. नामवंत कवींच्या रचना त्यांच्यापैकी अनेकांनी धुडकावल्या आणि सामान्य पद्यांचे कौतुक केले. वाचकाला कुठे कुठे ठेच लागते, याची जी यादी रिचर्ड्स यांनी केली, तीत कवितेशी संबंध नसलेल्या खाजगी आठवणी मध्येच घुसणे हे एक आहे, आणि आधीपासून तयार असलेली ठरीव भावना कवितेवर चिकटवणे हे दुसरे. अतिभावुकतेचा तर तीत स्वतंत्र उल्लेख आहे. पण तिच्याच शेजारी त्यांनी उलटा दोषही मांडला आहे, तो म्हणजे भावनेला मनात येऊच न देणे, मन आवळून धरणे. तुमच्या गटात पहिल्या दोषाची चर्चा झाली; या शेवटच्या दोषाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, कारण कोरडेपणा हा जाणकारीसारखा दिसतो.

आणि वाचकाच्या बाजूने ठामपणे उभ्या राहिलेल्या अभ्यासकही आहेत. लुईस रोझेनब्लॅट या अमेरिकन प्राध्यापिकेने 1938 मध्ये, आणि पुढे चाळीस वर्षांनी पुन्हा अधिक विस्ताराने असे मांडले की छापलेला मजकूर आणि वाचणारा माणूस यांच्या देवघेवीत साहित्यकृती आकाराला येते. वाचकाचा भूतकाळ, त्याची मनःस्थिती, त्याची त्या दिवसाची दमणूक, हे सारे त्या देवघेवीत असतेच. मात्र म्हणून कोणताही अर्थ चालेल, असे त्यांनी कधीच म्हटले नाही. आपल्या प्रतिक्रियेला मजकुरात आधार आहे का, आणि मजकुरातले काही आपण डावलले तर नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी त्यांनी वाचकावर टाकली. माझे मत यांच्या बाजूचे आहे. अभिनवगुप्ताच्या विवेचनात प्रेक्षक नाट्यगृहात बसलेला आहे, जिथे दिवे, संगीत, नट आणि भोवतीचे लोक मिळून त्याला त्याच्या घरच्या काळज्यांतून बाहेर काढतात. तुम्ही कादंबरी पंधरा रात्री, कामे आटोपल्यावर, घरात बसून वाचता. तिथे तुमचे आयुष्य दाराबाहेर थांबणार नाही. ते आत आले आहे, एवढे ओळखता आले म्हणजे पुरे.

ते ओळखण्याची सोपी रीत म्हणजे तुमच्याच वहीतली नोंद पुन्हा लिहिणे. ‘अप्रतिम. रडू आवरेना. बाबांची फार आठवण आली’ ही तीन वाक्ये तशीच राहू द्या आणि त्यांच्याखाली पुस्तक उघडे ठेवून लिहा. साधारण अशी नोंद होऊ शकेल : ‘रजिस्टरच्या प्रसंगात रडू आले. तिथे मुलगी एकदाही वडिलांविषयी बोलत नाही. ती रजिस्टर रद्दीवर ठेवते आणि परत घेते, या दोहोंच्या मध्ये लेखकाने फक्त एक कोरी ओळ सोडली आहे. तिच्या मनात काय आले ते सांगितलेले नाही. ते मी भरले. आधीच्या एका प्रकरणात वडील मीटरच्या आकड्यावरून आईशी वाद घालतात, तेव्हा मला ते चिक्कू वाटले होते. इथे तोच स्वभाव वेगळा दिसला. रुग्णालयाच्या प्रकरणात काहीच वाटले नाही. तिथे सगळे सांगून टाकले आहे. बाबांची आठवण आली ती शेवटच्या दोन पानांवर, आणि त्या पानांत तसे काही विशेष नाही. ती माझी होती.’

या नोंदीतही तुम्ही आहातच, बाबाही आहेत; पण कोणते अश्रू पुस्तकाने काढले आणि कोणते तुमच्याकडचे होते, हे वेगळे करता आले आहे. शेवटचे वाक्य लिहायला कमीपणा वाटू देऊ नका. ते लिहू शकणारा वाचक आपल्या आठवणींना पुस्तकावर कुरघोडी करू देत नाही. वाचनगटात तुम्ही हीच नोंद वाचून दाखवली असती, तर तुमच्या मैत्रिणीला ते वाक्य उच्चारता आले नसते, आणि कदाचित तिनेही पुस्तक उघडून आपले पान शोधले असते. पुढच्या बैठकीला पुस्तक बरोबर न्या, दोन्ही प्रसंगांतला एकेक परिच्छेद मोठ्याने वाचा आणि मग बोला. आधी पान, मग आपण, हा क्रम ठेवलात की बोलण्याचा धीर आपोआप येईल. तिच्यावर रुसू मात्र नका. आपल्या प्रतिक्रियेला हटकणारे माणूस वाचनगटात असणे ही त्या गटाची श्रीमंती आहे.

आता त्या मोठ्या, नावाजलेल्या कादंबरीकडे वळू. ‘काहीच पोचले नाही’ या तीन शब्दांत निरनिराळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या गेल्या आहेत. कळले नाही, असे असू शकते. म्हणजे कोण बोलते आहे, कोणत्या काळातले बोलते आहे, हा धागाच हातातून सुटला. कळले पण भिडले नाही, असे असू शकते. किंवा कळले, भिडलेही, पण पटले नाही, आणि ती नापसंती आपण स्वतःपाशीही कबूल केली नाही, कारण एवढे लोक नावाजतात तर चूक आपलीच असणार. तुमच्या वर्णनावरून मला पहिली शक्यता अधिक वाटते. तीन पिढ्यांची गोष्ट आहे, काळ मागेपुढे होतो, एकाच नावाचे आजोबा आणि नातू आहेत, वाक्ये अर्ध्या अर्ध्या पानाची आहेत, आणि तुम्ही ती रोज झोपण्याआधी वीस मिनिटे, मध्ये मध्ये फोन बघत वाचलीत. अशा पुस्तकाला सलग वेळ लागतो. अर्ध्या पानाचे वाक्य मध्येच तोडून दुसऱ्या रात्री पुढे नेता येत नाही; त्याचा सूर लागायलाच पाच-सात पाने जातात, आणि तेवढ्यात तुमचा दिवा मालवायची वेळ होते. यात कुवतीचा प्रश्न येतोच कुठे?

एका सुट्टीच्या सकाळी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, तिचे पहिले प्रकरण सलग वाचा. शक्य तर पहिली काही पाने मोठ्याने वाचा; लांब वाक्याचा श्वास कुठे आहे, ते डोळ्यांपेक्षा जिभेला लवकर कळते. कागदाच्या एका तुकड्यावर माणसांची नावे आणि त्यांची नाती लिहून तो पुस्तकात ठेवा. एवढे करूनही मन रमले नाही, तर ते पुस्तक बिनदिक्कत बाजूला ठेवा आणि वहीत लिहा की कोणत्या पानापर्यंत काय मिळाले आणि कुठून मिळेनासे झाले. ‘भिडले नाही’ ही प्रतिक्रियाही पानाच्या आधाराने लिहिली की कामाची होते. वाचलेल्या प्रत्येक चांगल्या पुस्तकावर प्रेम जडलेच पाहिजे, असा काही नियम नाही. आणि आज न जमलेले पुस्तक काही वर्षांनी जमते, हा तर पुष्कळ वाचकांचा अनुभव आहे.

आत्मचरित्राच्या बाबतीत तुमची नोंद सर्वांत तोकडी आहे, पण मला ती सर्वांत जिवंत वाटली. राग उगाच येत नाही. पत्रात तुम्ही त्याचे कारण दिले आहे : लेखक चाळीस वर्षांच्या कामाचे बारीकसारीक तपशील देतो, सहकाऱ्यांची नावे देतो, दौऱ्यांची वर्णने करतो, पण या काळात घर कोणी चालवले, मुले कोणी वाढवली, याविषयी पुस्तकात जवळजवळ काही नाही. इथे घाई न करता एक काम करा. पत्नीचा उल्लेख जिथे जिथे आला आहे, ती पाने शोधून काढा. कदाचित अर्पणपत्रिकेत एक ओळ असेल, लग्नाच्या प्रसंगी एक परिच्छेद असेल आणि मग थेट त्यांच्या आजारपणाच्या वेळी एखादे पान. हे उल्लेख एकाखाली एक लिहिलेत की तुमचा राग नेमका कशावर आहे, ते दिसू लागेल. तो त्या माणसाच्या वागण्यावर असू शकेल. किंवा त्या वागण्याकडे बघण्याचे लेखकाने टाळले, यावर असू शकेल. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. संसारात चुकलेला माणूसही ती चूक स्वच्छपणे लिहू शकतो, आणि तेव्हा पुस्तक मोठे होते. उलट, निर्दोष आयुष्याचे पुस्तक कोरडे निघू शकते. आत्मचरित्रात लेखक काय सांगतो याइतकेच तो कुठे घाईने पुढे जातो, हे पाहण्यासारखे असते, आणि तुमच्या रागाने ती जागा अचूक हेरली आहे. आणखी एक पाहा : ज्या पिढीचा तो लेखक आहे, त्या पिढीत अशी आत्मचरित्रे सर्रास अशीच लिहिली जात होती का, की हा त्याचाच अपवाद आहे? उत्तर काहीही आले तरी राग सोडून देण्याचे कारण नाही. तो अधिक नेमका होईल, एवढेच.

परीक्षणे आधी वाचावीत का, याला माझे उत्तर थोडक्यात देता येईल. पुस्तक निवडण्यापुरते चार ओळी वाचायला हरकत नाही. पूर्ण परीक्षण मात्र स्वतःची नोंद लिहून झाल्यावरच वाचा. आधी वाचले तर त्यातलेच शब्द तुमच्या तोंडी येतात आणि आपल्याला काय वाटले ते कायमचे झाकले जाते. रिचर्ड्स यांच्या विद्यार्थ्यांना कवीचे नाव लपवून जे स्वातंत्र्य मिळाले, ते तुम्हाला परीक्षण उशिरा वाचून मिळते. त्यांच्यासारखे चुकण्याचेही स्वातंत्र्य मिळते, आणि तेही हवेच. नंतर वाचलेल्या परीक्षणाशी तुमची नोंद जुळली नाही, तर आपली खोडू नका. परीक्षणकर्त्याने कोणत्या प्रसंगाचा आधार घेतला आहे, ते पाहा आणि तो प्रसंग पुन्हा वाचा. कधी त्याचे पटेल, कधी तुमचेच अधिक बरोबर निघेल. अनुवादित पुस्तक असेल, तर नोंदीत अनुवादकाचे नाव जरूर लिहा. भाषा आवडली किंवा खटकली असे म्हणताना आपण निम्मे तरी त्याच्याविषयी बोलत असतो.

विसरण्याविषयी तुम्ही लाजून लिहिले आहे, म्हणून मुद्दाम सांगावेसे वाटते की सोळाव्या शतकातील फ्रेंच निबंधकार मोंतेन्य यांची हीच तक्रार होती. आपण काही वर्षांपूर्वी काळजीपूर्वक वाचलेले, समासात टिपणे काढलेले पुस्तक नवे समजून पुन्हा हातात घेतो, असे त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. त्यावर त्यांनी काढलेला उपाय असा की, पुस्तक वाचून संपले की त्याच्या शेवटी ते संपल्याची तारीख आणि त्या पुस्तकाविषयी एकंदरीत काय मत झाले, ते टिपायचे. अशा काही नोंदी त्यांनी आपल्या निबंधात उतरवूनही दिल्या आहेत. जगातील उत्तम वाचकांपैकी एकाला जर असा आधार लागला, तर तुमच्या वहीची लाज वाटण्याचे कारण उरत नाही.

पण विसरण्यापेक्षा मला काळजी वाटते ती चुकीचे लक्षात राहण्याची. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1932 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्लंडमधील लोकांना उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली आणि निरनिराळ्या अंतराने ती आठवून लिहायला सांगितली. दर वेळी कथा थोडी आखूड होत गेली, हे तर झालेच. पण वाचणाऱ्याला जे अपरिचित होते, ते त्याच्या ओळखीच्या रूपात बदलत गेले. कथेतली तिथल्या लोकांची विशिष्ट होडी साधी बोट झाली, सीलची शिकार मासेमारी झाली, आणि ज्या गोष्टींचा अर्थ लागत नव्हता, त्या गळून पडल्या किंवा त्यांना सोयीची कारणे चिकटली. लिहिणाऱ्यांना यातले काही जाणवत नव्हते. आपण वाचलेलेच सांगत आहोत, अशी त्यांची समजूत होती.

तुमच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. वेळ जातो तसे पुस्तक हळूहळू आपल्यासारखे होत जाते. वर्षभराने त्या लहान कादंबरीतले वडील तुमच्या बाबांसारखे बोलू लागतील आणि तुम्हाला ते कळणारही नाही. म्हणून पहिली नोंद पुस्तक संपल्यावर लवकरात लवकर, पुस्तक हाताशी असताना लिहा, आणि तिच्यात निदान एक वाक्य पुस्तकातले जसेच्या तसे, पानाच्या आकड्यासह उतरवा. पाने भरून सारांश लिहीत बसू नका. कथानक मलपृष्ठावरही मिळते. मग काही आठवडे जाऊ द्या. या मधल्या काळात पुस्तकातले जे आपसूक आठवत राहील, भाजी चिरताना किंवा बसची वाट पाहताना, ते त्याच नोंदीखाली नव्या तारखेने लिहा. बऱ्याचदा ज्या प्रसंगाला तेव्हा विशेष मानले नव्हते, तोच मनात ठाण मांडून बसलेला आढळतो. शेवटी पहिली नोंद, दुसरी नोंद आणि मूळ पान ही तिन्ही शेजारी ठेवून वाचा. तुमचे मत बदलले असेल तर ते पुस्तकामुळे बदलले, की आठवणीने प्रसंगच बदलून टाकला, याचा उलगडा तिथेच होतो. सगळ्या पुस्तकांसाठी एवढे करणे शक्य नाही आणि गरजेचेही नाही. वर्षातून तीन-चार पुस्तकांना हा मान द्या, बाकीच्यांसाठी तारीख आणि दोन वाक्ये पुरेत.

जुनी वही फाडून नवी सुरू करण्याचा विचार तुम्ही लिहिला आहे, तो सोडा. तिच्यातल्या ‘अप्रतिम’ आणि ‘राग आला’ या नोंदी तोकड्या असल्या तरी खऱ्या आहेत, आणि त्यांच्याखाली पुढे लिहिता येते. खोडायचीच असेल तर एक ओळ खोडा, ‘माझीच कुवत कमी’, आणि तिच्या जागी त्या मोठ्या कादंबरीत तुमचे लक्ष प्रथम कितव्या पानावर उडाले, तो आकडा लिहा. पुढच्या वाचनाला तिथून दहा पाने मागून सुरुवात करा.